माइनक्राफ्टमधील जनावरांची पैदास: संख्येचा हिशेब आणि गुणांचा हिशेब

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याच्या मामेभावाने भाड्याने घेतलेल्या माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या जगातल्या संगणकीय खेळाच्या सर्व्हरवर आठ-दहा मित्र सर्व्हायव्हल, म्हणजे अन्न आणि साधने स्वतः मिळवून जगण्याच्या, प्रकारात खेळतात. सामायिक गोठ्यातील गाईंची संख्या शंभरीकडे जाऊ लागल्यापासून सर्व्हर रखडतो. तरीही कधी कधी गहू पुढे केला तरी गाई विण्याचे नाव घेत नाहीत. आणि दोन उत्तम घोड्यांपासून झालेले शिंगरू दोघांपेक्षाही मंद निघाले. मामेभाऊ आता निम्म्या गाई कापून टाका म्हणतो आहे. पैदाशीचे नियम नेमके कसे चालतात, आणि मामेभावाचे म्हणणे योग्य आहे का, हे त्याला हवे आहे.

मी बडोद्यातल्याच काही मराठी कुटुंबांतील मुलांसाठी आणि त्यांच्या तितक्याच हौशी पालकांसाठी असा एक सर्व्हर बरीच वर्षे सांभाळत आलो आहे, त्यामुळे या तक्रारी माझ्या चांगल्या परिचयाच्या आहेत. या खेळाने जनावरे किती होतील आणि ती कशी होतील हे दोन हिशेब पूर्णपणे वेगळे ठेवले आहेत. गाय, डुक्कर, कोंबडी यांच्या बाबतीत फक्त पहिला हिशेब असतो. घोड्याच्या बाबतीत दुसरा महत्त्वाचा असतो. एकाचे ठोकताळे दुसऱ्याला लावले की गहूही वाया जातो आणि सोनेही. खाली जे लिहिले आहे ते संगणकावरच्या जावा आवृत्तीविषयी आहे. मोबाइलवर चालणाऱ्या बेडरॉक आवृत्तीत काही तपशील निराळे आहेत.

प्रथम मूळ चक्र पाहू. दोन प्रौढ जनावरांना त्यांचे ठरलेले खाद्य दिले की ती माजावर येतात आणि त्यांच्याभोवती लाल बदाम उमटू लागतात. गाय आणि मेंढी यांना गहू लागतो, डुकरांना गाजर, बटाटा किंवा बीट, कोंबड्यांना कोणतेही बी. नर-मादी असा भेद खेळात नाही, कोणतीही दोन प्रौढ जनावरे चालतात. माज ३० सेकंद टिकतो. तेवढ्या वेळात जनावर आपल्यापासून ८ ब्लॉकच्या (ब्लॉक म्हणजे हे जग ज्यांनी बनले आहे तो एकेक ठोकळा) आत दुसरे माजावर आलेले जनावर शोधते, त्याच्याकडे चालत जाते, आणि दोघे सुमारे ३ सेकंद एकमेकांजवळ राहिली की पिल्लू जन्मते. खेळाडूला १ ते ७ अनुभवगुण मिळतात. त्यानंतर आईबापांना ५ मिनिटांची विश्रांती सक्तीची असते आणि पिल्लाला प्रौढ व्हायला २० मिनिटे लागतात.

गाई विण्याचे नाव घेत नाहीत, या तक्रारीचे निदान हातातला गहूच करून देतो. गाईवर क्लिक केल्यावर गहू कमी झाला नाही, तर ती गाय एकतर विश्रांतीत आहे किंवा आधीच माजावर आहे. गडबड काही नाही, थांबायचे एवढेच. गहू कमी झाला, बदाम उमटले आणि तरीही वासरू झाले नाही, तर तिला जोडीदार मिळालेला नाही किंवा जोडीदारापर्यंत वाट नाही. विषम संख्येने गाई चारल्या तर एक उरतेच. मोठ्या गोठ्यात एका कोपऱ्यातली गाय चारून मग दुसऱ्या टोकाला गेल्यास मधले अंतर ८ ब्लॉकपेक्षा जास्त भरते आणि दोन्हीकडचे गहू जातात. म्हणून शेजारशेजारच्या दोन गाई निवडून लागोपाठ चाराव्यात. जोडीदार शोधताना जनावर भिंत किंवा कुंपण पाहत नाही, फक्त अंतर पाहते. मध्ये ओलांडता न येणारा रुंद अडथळा असेल तर दोन्ही गाई त्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून ३० सेकंद संपवतात. मध्ये नुसते एका ओळीचे कुंपण असेल, तर मात्र त्या कुंपणाला चिकटून विण्याइतक्या जवळ येऊ शकतात, आणि वासरू दोघींपैकी एकीच्या बाजूला जन्मते. शेजाऱ्याच्या आवारात आमचे वासरू कसे गेले यावरून होणारी भांडणे बहुधा याच कारणाने होतात. आवारांमध्ये चार ब्लॉकची वाट सोडली की हा वाद मिटतो.

आता घड्याळाचा मुद्दा, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथे आहेत. ५ मिनिटे आणि २० मिनिटे हे आकडे खेळ मिनिटांत मोजत नाही, टिकमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या एकेका ठोक्यात, मोजतो. सर्व्हर सुरळीत असताना एका सेकंदाला २० टिक होतात, म्हणजे विश्रांती ६,००० टिकची आणि वाढ २४,००० टिकची. सर्व्हर रखडून सेकंदाला १२ टिकच होऊ लागले तर ५ मिनिटांची विश्रांती ८ मिनिटे २० सेकंदांची होते आणि वासराला मोठे व्हायला ३३ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. तुमच्या दोन तक्रारी अशा एकमेकींत गुंतल्या आहेत. गाई जास्त झाल्या म्हणून सर्व्हर रखडला, आणि सर्व्हर रखडला म्हणून गाई विण्यास उशीर लावू लागल्या.

शिवाय ही घड्याळे फक्त तेव्हाच चालतात जेव्हा गोठ्याचा भाग सर्व्हरच्या स्मृतीत जागा असतो. जग १६ बाय १६ ब्लॉकच्या चंकमध्ये विभागलेले असते आणि खेळाडूभोवतीच्या ठरावीक चंकांपुरतीच जनावरे हलतात, वाढतात, वितात. हे अंतर सर्व्हरच्या सिम्युलेशन डिस्टन्स या सेटिंगवर ठरते. ते मुळात १० चंक असते, पण भाड्याच्या सर्व्हरवर ताण कमी करण्यासाठी ते अनेकदा खाली आणलेले असते. ते ५ असेल तर गोठ्यापासून साधारण ८० ब्लॉकच्या पलीकडे खाणीत उतरलेल्या खेळाडूचा गोठ्याला काही उपयोग नाही. चंक झोपला की वासराचे वय जिथल्या तिथे थांबते, आणि तो पुन्हा जागा झाल्यावर मधला काळ भरून काढला जात नाही. नवरात्रीत आपल्याकडे संध्याकाळनंतर सगळे गरब्याला असतात, सर्व्हर ओस पडतो, आणि दसऱ्याला परत आल्यावर वासरे तेवढीच पाहून मुले चकित होतात. आवृत्ती १.२१.२ पासून तर रिकामा झालेला सर्व्हर मिनिटभरात आपोआप थांबतो, हे त्याचे मूळ सेटिंगच आहे. तेव्हा गोठा अशा ठिकाणी असावा जिथे कोणी ना कोणी रेंगाळत असते: भट्ट्या, कोठाराच्या पेट्या, गावकऱ्यांशी व्यापार करण्याची जागा. निसर्गरम्य टेकडीवर दूर बांधलेला गोठा पाहायला छान दिसतो आणि पैदास मात्र शून्य देतो.

किती गाई पुरेत, हे आता आकड्यांनी पाहता येईल. दहा प्रौढ गाई धरा. पहिल्या फेरीत १० गहू देऊन ५ वासरे होतात. ५, १० आणि १५ मिनिटांनी तीच फेरी पुन्हा केली की २० वासरे आणि ४० गहू असा हिशेब होतो. २० व्या मिनिटाला पहिली पाच वासरे प्रौढ होतात. नव्याने प्रौढ झालेल्या गाईला कोणतीही विश्रांती नसते, त्यामुळे कळप वाढवायचा असेल तर तिला लगेच चारता येते. पण कळप वाढवायचा नसून मांस आणि चामडे हवे असेल, तर या टप्प्यापासून दर ५ मिनिटांनी पाच प्रौढ गाई कापायच्या आणि दहा ठेवायच्या. असे केल्यास गोठ्यात कोणत्याही क्षणी जास्तीत जास्त ३५ जनावरे राहतात: दहा आईबाप, वीस वासरे आणि कापायला आलेल्या पाच. प्रत्येक गाय १ ते ३ तुकडे मांस देते, सरासरी दोन. म्हणजे तासाला ६० गाई, १२० तुकडे मांस, आणि खर्च १२० गहू. आठ-दहा खेळाडूंना एवढे मांस संपवणे अवघड जाईल. शंभर गाई पोसून तुम्ही जे मिळवत आहात ते ३५ मध्ये सहज मिळते, आणि शंभरातल्या बऱ्याच गाईंना तासन्‌तास कोणी गहू देत नसणार, हेही उघड आहे.

वासरांना चारून लवकर मोठे करावे का, असे नेहमी विचारले जाते. गाई-मेंढ्यांच्या बाबतीत माझे उत्तर नकाराचे आहे. प्रत्येक वेळी चारल्यावर उरलेल्या काळाच्या १० टक्के काळ कमी होतो. मूळ काळाच्या नव्हे, उरलेल्याच्या. पहिल्या गव्हाने २ मिनिटे वाचतात, दुसऱ्याने १ मिनिट ४८ सेकंद, आणि असे करत २० मिनिटांचे निम्मे करायला सात गहू लागतात. सात गव्हांत तीन नवी वासरे होऊन एक गहू शिल्लक राहतो. सर्व्हरवर नुकतीच सुरुवात असेल, दोनच गाई असतील आणि तिसरी लवकर हवी असेल, तेव्हाच हा खर्च समजण्यासारखा आहे. मेंढीच्या कोकराला तर ही मदत फुकट मिळते, कारण गवत खाल्ले की त्याचे वय एक मिनिटाने पुढे सरकते. फक्त त्याच्या पायाखाली गवताची जमीन असायला हवी, दगडी फरशी नव्हे.

गव्हाचा विचार निघालाच आहे तर एक तुलना नोंदवतो. तीन गव्हांची एक पोळी, अर्थात ब्रेड, भुकेचे ५ गुण भरते. दोन गव्हांत एक वासरू होते आणि ते मोठे झाल्यावर सरासरी दोन स्टेक, म्हणजे भाजलेल्या मांसाचे तुकडे, मिळतात, जे प्रत्येकी ८ प्रमाणे १६ गुण भरतात. गव्हाचे शेत लहान असेल तर ब्रेड बनवत बसण्यापेक्षा गव्हाची दिशा गोठ्याकडे वळवणे केव्हाही फायद्याचे ठरते. ज्यांच्या गोठ्यात मेंढ्या आणि गाई दोन्ही आहेत त्यांनी मात्र गव्हाची वाटणी आधी ठरवावी. मेंढीची लोकर कातरून पुन्हा पुन्हा मिळते, त्यामुळे मेंढ्यांची संख्या वाढवण्याची गरज फार लवकर संपते. गाईचे चामडे तसे नाही. जादूच्या टेबलाला पूर्ण ताकद देण्यासाठी १५ पुस्तकांची कपाटे लागतात, प्रत्येक कपाटात तीन पुस्तके, प्रत्येक पुस्तकाला एक चामडे, म्हणजे ४५ चामडी. एक गाय ० ते २ चामडी देते, सरासरी एक, तेव्हा ४५ गाई आणि ९० गहू. तिसऱ्या पातळीचे लूटिंग, म्हणजे मारलेल्या जनावराकडून जास्त वस्तू मिळवून देणारी जादू, असलेली तलवार वापरली तर सरासरी अडीच होते आणि १८ गाईंत काम भागते. माझ्या अनुभवात सर्व्हरवरचे बहुतेक फुगलेले गोठे या पुस्तकांच्या कपाटांसाठी वाढवलेले असतात आणि कपाटे पूर्ण झाल्यावर कोणीही ते कमी करत नाही.

आता गर्दी. जावा आवृत्तीत एकाच जागी एकमेकांत घुसलेल्या जनावरांची मर्यादा मुळात २४ ठेवलेली आहे; त्यापेक्षा जास्त झाली की ती गुदमरून मरू लागतात. एका ब्लॉकच्या खड्ड्यात गाई कोंबणाऱ्यांच्या गाई अचानक मरतात त्याचे कारण हेच. मात्र ही मर्यादा गाठण्यापूर्वीच सर्व्हरला त्रास सुरू होतो, कारण प्रत्येक जनावर आपल्याला टेकलेल्या प्रत्येक जनावराला ढकलते. तेवढ्याच जागेत संख्या दुप्पट झाली की ढकलाढकलीचा हिशेब चौपट होतो. हातात गहू धरून गोठ्याजवळ उभे राहणे हे दुसरे कारण. जवळपासची सगळी जनावरे त्या गव्हाच्या मागे येतात, प्रत्येकजण वाट शोधतो आणि कुंपणाच्या एकाच कोपऱ्यात चेंगराचेंगरी होते. गोठ्यात काम नसताना गहू हातात ठेवू नये, एवढा एक नियम केला तरी फरक जाणवतो.

तेव्हा मामेभावाचे म्हणणे बरोबर आहे, पण पद्धत सुधारायला हवी. पिल्लांना मारून काहीही मिळत नाही, ना मांस ना अनुभवगुण, म्हणून वासरांना हात लावू नये. प्रौढ गाईंमधून दहा-बारा ठेवून बाकीच्या कापाव्यात, आणि मोठे आवार करून ३५ जनावरे मोकळी फिरतील अशी जागा द्यावी. रानातल्या कळपातून मात्र सगळी जनावरे आणू नयेत. रानातले बहुतेक कळप भूभाग प्रथम निर्माण होताना तयार होतात. नंतर नवे कळप फार क्वचित येतात, त्यामुळे एक जोडी मागे सोडणे पुढच्या खेळाडूंच्या सोयीचे असते.

कोणत्या गाई ठेवाव्यात, या प्रश्नाला मात्र काही अर्थ नाही. गुजरातेत गीर गाईची पैदास करणारे लोक वळूची वंशावळ पाहतात, आईचे दूध विचारतात आणि जवळच्या नात्यातला संकर टाळतात. माइनक्राफ्टमधल्या गाईला वंशावळच नाही. सख्ख्या भावंडांची जोडी लावली तरी वासरात कोणताही दोष येत नाही, आणि चांगली गाय असा प्रकारच नसल्यामुळे निवडीने कळप सुधारतही नाही. २०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या १.२१.५ आवृत्तीपासून गाई, डुकरे आणि कोंबड्या यांचे उष्ण, समशीतोष्ण आणि थंड प्रदेशांनुसार तीन प्रकार झाले आहेत आणि पिल्लू आईबापांपैकी एकाचा प्रकार घेते. परंतु हा फरक रूपाचा आहे, उत्पन्नाचा नाही.

मेंढीचा रंग हे यातले एकमेव मनोरंजक प्रकरण म्हणता येईल. आईबापांचे रंग एकत्र करून तिसरा रंग तयार होत असेल, तर कोकरू तो तिसरा रंग घेऊन जन्मते: लाल आणि पिवळ्यापासून नारिंगी, लाल आणि पांढऱ्यापासून गुलाबी, निळ्या आणि हिरव्यापासून निळसर हिरवा. जिथे असे मिश्रण होत नाही, तिथे दोघांपैकी एकाचा रंग येतो. रंगवलेल्या मेंढीचा रंगही याच हिशेबात धरला जातो आणि कातरल्यावर परत येणारी लोकर त्याच रंगाची असते, म्हणून ज्या रंगाची लोकर सतत लागते त्या रंगाच्या दोन मेंढ्या एकदा रंगवाव्यात आणि पुढे फक्त गव्हावर काम चालवावे.

कोंबड्यांविषयी थोडक्यात. कोंबडी ५ ते १० मिनिटांत एक अंडे घालते. फेकलेल्या अंड्यातून पिल्लू निघण्याची शक्यता आठात एक असते, आणि निघालेच तर बत्तीसात एकदा चार पिल्ले निघतात. हिशेब केल्यास शंभर अंड्यांमागे तेरा-चौदा पिल्ले मिळतात. बी जवळ असेल तर दोन बियांत खात्रीचे एक पिल्लू मिळते. अंड्यांचा मार्ग तेव्हाच वापरावा जेव्हा अंडी पेटीत नुसती साठून राहिली आहेत.

आता घोडे. इथे दुसरा हिशेब सुरू होतो आणि जुन्या सल्ल्यांमुळे सर्वांत जास्त नुकसानही इथेच होते.

प्रत्येक घोड्याला तीन गुण असतात: आयुष्य (म्हणजे तो किती मार सोसू शकतो), वेग आणि उडी. आयुष्य १५ ते ३० गुणांचे, म्हणजे साडेसात ते पंधरा बदाम. वेग सेकंदाला सुमारे ४.७४ ते १४.२३ ब्लॉक, तुलनेसाठी, धावणाऱ्या खेळाडूचा वेग ५.६१ असतो, म्हणजे सगळ्यात वाईट घोडा तुमच्यापेक्षाही मंद असतो. उडी सर्वोत्तम घोड्याची पाच ब्लॉकहून किंचित जास्त. हे तिन्ही गुण एकमेकांपासून स्वतंत्र असतात. वेगवान घोडा उंच उडेलच असे नाही. रंग आणि ठिपके यांचा गुणांशी काडीचाही संबंध नाही. शिंगराच्या अंगाचा रंग नवांपैकी चार वेळा एका पालकाचा, चार वेळा दुसऱ्याचा आणि एकदा भलताच असतो. काळा घोडा वेगवान असतो हा समज आमच्या सर्व्हरवरही फार घट्ट होता.

मार्च २०२३ मध्ये आलेल्या १.१९.४ आवृत्तीपूर्वी शिंगराचा प्रत्येक गुण असा ठरत असे: आई, बाप आणि खेळाने मनाने कल्पिलेला एक तिसरा घोडा, या तिघांची सरासरी. समजा दोन्ही पालकांचा वेग १२ आहे. तिसऱ्याची सरासरी साडेनऊच्या आसपास, म्हणून शिंगराची सरासरी ११.१६. पालक जितके चांगले तितका तो तिसरा घोडा शिंगराला खाली ओढत असे, आणि पैदाशीने उत्तम घोडा मिळवणे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम होऊन बसे. त्या काळातला सल्ला, की रानात शंभर घोडे तपासा पण पैदाशीच्या नादी लागू नका, तेव्हा खरा होता.

१.१९.४ पासून पद्धत बदलली. आता पालकांची सरासरी हा मध्यबिंदू असतो आणि शिंगरू त्याच्या दोन्ही बाजूंना घसरू शकते. किती घसरेल हे दोन गोष्टींवर ठरते: पालकांमधला फरक, आणि त्या गुणाच्या एकूण व्याप्तीच्या १५ टक्के. वेगाच्या बाबतीत हे १५ टक्के म्हणजे सेकंदाला सुमारे १.४२ ब्लॉक. दोन्ही पालक १२ चे असतील तर शिंगरू १०.५८ ते १३.४२ च्या दरम्यान येईल, मध्याजवळ येण्याची शक्यता जास्त आणि टोकाला जाण्याची कमी. म्हणजेच निम्मी शिंगरे पालकांपेक्षा मंद असणारच. तुमचे शिंगरू दोघांपेक्षा मंद निघाले यात काही बिघडलेले नाही. एकाच शिंगरावरून निष्कर्ष काढण्याची घाई झाली आहे.

या सूत्रातून एक व्यवहारी गोष्ट निघते जी फारशी कोणी सांगत नाही. शिंगराची वरची मर्यादा चांगल्या पालकावर ठरते आणि खालची मर्यादा वाईट पालकावर. एक पालक १२ चा आणि दुसरा ८ चा असेल तरी शिंगरू १३.४२ पर्यंत जाऊ शकते, अगदी १२ च्या जोडीइतकेच. म्हणून अनेकांना वाटते की एकच चांगला घोडा पुरे. परंतु १२ च्या वर जाण्याची शक्यता पहिल्या जोडीत निम्मी असते आणि दुसऱ्या जोडीत शंभरात सुमारे चार. घोड्यांना माजावर आणणाऱ्या गोल्डन कॅरटचा, म्हणजे सोनेरी गाजराचा, खर्च दोन्ही वेळा सारखाच होतो. म्हणून रानातून दोन बरे घोडे आणण्यापर्यंत थांबावे, आणि पैदास सुरू झाल्यावर दर पिढीत चांगल्या शिंगराची जोडी त्या दोघांपैकी चांगल्याशी लावावी. ते आपलेच अपत्य आहे याची चिंता करण्याचे कारण नाही. तिन्ही गुण एकदम सुधारण्याचा अट्टहास मात्र सोडावा, कारण सारख्या पालकांपासून तिन्ही गुणांत सरस शिंगरू मिळण्याची शक्यता आठात एक असते. आधी वेग, मग उडी, असा क्रम मी सुचवेन. आयुष्य चिलखताने काही अंशी सांभाळून नेता येते.

वरच्या टोकाला एक अडसर आहे. हिशेबात आकडा १४.२३ च्या पलीकडे गेला तर तो जितका पलीकडे गेला तितकाच मर्यादेच्या आत परतवला जातो. त्यामुळे १४ च्या दोन घोड्यांची शिंगरे बहुतेक करून १४ च्या खालीच येतात. तिथे पोहोचल्यावर थांबावे.

घोडा माजावर आणण्यासाठी गोल्डन कॅरट किंवा गोल्डन ॲपल लागते. गाजराला सोन्याचे ८ छोटे तुकडे लागतात आणि सफरचंदाला ८ पूर्ण विटा, म्हणजे ७२ तुकडे. परिणाम तोच आणि किंमत नऊपट, तेव्हा सफरचंद या कामी कधीही वापरू नये. दोन्ही घोडे पाळीव झालेले असावेत, त्यांच्यावर कोणी बसलेले नसावे, आणि त्यांचे आयुष्य पूर्ण भरलेले असावे. शेवटची अट लोकांच्या लक्षातच येत नाही. कुठेतरी कड्यावरून उतरताना घोड्याचे बरेच बदाम गेलेले असतात, गाजर खाल्ले जाते, बदाम उमटतात आणि शिंगरू होत नाही. गाजर देण्यापूर्वी घोड्यावर बसून बदाम मोजावेत आणि कमी असल्यास गव्हाचा भारा (‘हे बेल’, hay bale) खायला घालावा; एका भाऱ्याने दहा बदाम भरतात.

शिंगराला चारून मोठे करणे हे वासराच्या बाबतीत तोट्याचे होते, पण इथे फायद्याचे आहे, कारण घोड्याच्या खाद्यांना टक्क्यांत नव्हे तर ठरावीक वेळेत परिणाम असतो. गव्हाने २० सेकंद, साखरेने ३०, सफरचंदाने एक मिनिट आणि भाऱ्याने तीन मिनिटे वाचतात. भाऱ्यात नऊ गहू असतात, तेव्हा भारा आणि सुटा गहू यांचा हिशेब एकच, फक्त क्लिक वाचतात. सात भाऱ्यांत शिंगरू जागच्या जागी प्रौढ होते. ऊस भरपूर असेल तर साखर सर्वांत स्वस्त पडते.

वेग मोजण्यासाठी १०० ब्लॉकची सरळ, सपाट वाट आखावी आणि तिच्या अलीकडे दहा-पंधरा ब्लॉक धावायला सोडावेत, म्हणजे घोडा पूर्ण वेगात आल्यावर वेळ सुरू करता येते. फोनच्या घड्याळावर १० सेकंद आले तर वेग १०, ९.१ आले तर ११, ८.३ आले तर १२. प्रत्येक घोडा दोनदा पळवून पाहावा आणि आकडा नावाच्या चिठ्ठीने, म्हणजे नेमटॅगने, घोड्याच्या नावातच लिहून ठेवावा. उडीसाठी अडीच, साडेतीन, साडेचार आणि पाच ब्लॉक उंचीच्या भिंती ओळीने उभाराव्यात. अर्ध्या उंचीच्या फरश्यांनी हे सहज होते. मोजमाप न करता केलेली घोड्यांची पैदास म्हणजे निव्वळ सोन्याचा व्यय आहे, आणि तुमच्या पत्रात पालकांचा वेग कुठेही लिहिलेला नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो.

घोडा आणि गाढव यांच्यापासून खेचर होते. त्याला पेटी लावता येते, पण त्याची पुढे पैदास होत नाही, म्हणून प्रत्येक खेचरासाठी पुन्हा गाजरे मोजावी लागतात. तुमच्या गटातील एका मुलीने लामांविषयी, म्हणजे उंटाच्या कुळातल्या ओझे वाहणाऱ्या प्राण्यांविषयी, विचारले होते, तर त्यांची रीत याहून वेगळी आहे. लामाची ताकद १ ते ५ असते आणि ताकदीच्या तिप्पट जागा त्याच्या पेटीत मिळतात. त्यांना माजावर आणायला गव्हाचा भारा लागतो. पिल्लाची ताकद १ पासून दोघांपैकी बलवान पालकाच्या ताकदीपर्यंत कोणतीही, सारख्याच संभाव्यतेने, येऊ शकते, आणि शंभरात तीनदा तिच्यात एकाची भर पडते. त्यामुळे ५ ताकदीच्या दोन लामांपासूनही १५ जागांचे पिल्लू साधारण पाचात एकदाच मिळते, तर कमजोर पालकाच्या जागी बलवान पालक आणून काहीच फरक पडत नाही; एक लामा ५ चा असला की दुसरा कसाही चालतो.